‘आई’ म्हणालं कोण?

आधीच सांगते, या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी मला थापा वाटतात. पिंपळावरची बाई, उलटे पाय, मागे वळून बघायचं नाही... अहो, जन्मभर शाळेत सायन्स शिकवलं मी. प्रयोगशाळेतला हाडांचा सापळा दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मीच पुसायची. माझी सून हे सगळं वाचते आणि मग पाणी प्यायला उठायचं तर नवऱ्याला हलवून उठवते. तिची मी भरपूर टिंगल करते. परवा तीच म्हणाली, “मम्मी, तुम्ही शकूमावशीचं लिहा ना तिथं. मग बघू लोक काय म्हणतात.” म्हणून ही मगजमारी. आमची मराठी उज्जैनची आहे, मधे मधे हिंदी येणारच. पुण्याच्या मंडळींनी लाल पेन बाजूला ठेवून वाचावं.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश व्हायचा होता, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही फ्रीगंजमध्ये राहायचो, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत. घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय — कचेरी भोपाळला जाणार का, आणि गेली तर आपण कुठे राहणार. मी असेन अकरा-बारा वर्षांची. आईला आम्ही माई म्हणायचो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे ‘आई’ या शब्दानंच सगळा घोळ आहे.

माईची धाकटी बहीण मालूमावशी साताऱ्याला दिली होती. संक्रांतीच्या सुमाराला ती आजारी पडली, मिरजेला दवाखान्यात नेली आणि तिथंच गेली. तिची एकुलती एक मुलगी शकू, सहा-सात वर्षांची. तिला कुणी खरं सांगितलंच नाही. आई मिरजेला आहे, बरी होतेय, एवढंच. त्या काळात मुलांना असंच सांगायचे. पण साताऱ्याच्या घरात येणारं-जाणारं कुणीतरी तिच्यासमोर बोलून जाईल, या धाकानं काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आणून सोडलं. शाळा सुरू व्हायच्या आधी ते येऊन नेणार होते, आणि तेव्हा स्वतः तिला सांगणार होते. माईनं मला देवासमोर उभं केलं. “तुझ्या तोंडून एक शब्द निघाला तर माझ्याशी गाठ आहे. आणि तिला एकटी सोडायची नाही. तिच्या बापाकडे आता तेवढंच उरलंय.”

मी सोडलीही नाही. शकू म्हणजे माझी शेपूट झाली होती. नाकात बोलायची, सारखी काहीतरी खात असायची, आणि रोज झोपताना विचारायची, “ताई, आज आई चालायला लागली असेल का गं?” मी म्हणायची, “लागली असेल.” काय बोलणार...

त्या सुट्टीत मुलींचं एक शिबिर होतं. देवास रोडला गावाबाहेर एका शेठजींचा बगीचा होता, तिथं. सकाळी टावरपाशी जमायचं, तांग्यातून दाटीवाटीनं जायचं आणि ऊन उतरल्यावर परत. शिबिर घ्यायच्या सरला दीदी. खादीची साडी, आवाज खणखणीत, आणि एक नियम — शिबिरात सगळ्यांनी हिंदीच बोलायचं. “नया प्रदेश बन रहा है, बेटियों, अब सब एक हैं.” आम्हा मराठी मुलींना त्यात काही विशेष नव्हतं, गल्लीत आम्ही हिंदीच बोलायचो. पंचाईत झाली ती शकूची. पहिल्याच दिवशी दीदी म्हणाल्या, “यहाँ हम आपको खेल-खेल में शिक्षा देंगे.” शकूनं माझा फ्रॉक मागून घट्ट पकडला. “ताई, आपण काय केलंय? कसली शिक्षा?” मी हसून हसून बेजार. शिक्षा म्हणजे शिक्षण, हे समजावेपर्यंत ती रडायच्या बेतात होती.

पण खेळात भाषा लागते कुठे? रस्सीखेच, लिंबू-चमचा, तीन पायांची शर्यत, रुमाल-झपट्टा... दीदींकडे खेळांचा तोटा नव्हता. पोटभर पोहे-शेव मिळायची, कागदाची फुलं करायला शिकवायच्या, दुपारी चिंचेखाली गोष्टी. चार दिवसांत शकू सगळ्यांची लाडकी झाली. एकेक कागदी फूल ती जपून ठेवायची. आई आली की देणार म्हणून.

सगळ्यात आवडता खेळ छुपा-छुपी, आपला लपंडाव. आपण जसं ‘राज्य आलं’ म्हणतो तसं तिथं ‘दाम’ म्हणायचे. जिच्यावर दाम तिनं चिंचेच्या बुंध्याला तोंड लावून आकडे म्हणायचे, आणि संपले की मोठ्यांदा ओरडायचं, “आ—ई!” म्हणजे मी निघाले, आता सांभाळा. हिंदीतलं ‘आई’, म्हणजे आपलं ‘आले’. आता आम्हा मराठी पोरींना ते ऐकून हसू यायचंच. पुष्पा नावाची माझी मैत्रीण होती, बाप रेल्वेत, घरात चोख हिंदी. ती ‘आई’ म्हणून ओरडली की आम्ही झुडपातून म्हणायचो, “घर पे है तेरी आई, रोटी बना रही है.” आणि हसण्याच्या नादात पकडल्या जायचो.

शेवटच्या दिवशी दाल-बाफल्याचा, म्हणजे आपल्या वरण-बट्टीसारखा, बेत होता. तूप चोपडलेले बाफले खाऊन दीदी आणि वाढायला आलेल्या बाया चिंचेपासून जरा लांब, फाटकाकडच्या आंब्याखाली टेकल्या. आम्ही मुली मात्र कसल्या बसतोय. पुष्पा म्हणाली, “एक आख़िरी बार छुपा-छुपी.” दाम तिच्यावरच आला.

बगीच्याची रचना सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चिंच साधारण मधोमध. फाटक देवास रोडच्या बाजूला. आणि फाटकाच्या बरोबर उलट्या टोकाला मोटेची जुनी विहीर, जाळी टाकून बंद केलेली, आणि तिच्याशेजारी मोटेचं सामान ठेवायची एक कोठडी. दार कधीच निखळलेलं. वर आमच्या माळव्यात असतं तसं दगडी पट्ट्यांचं छत आणि त्यावर मातीचा थर. विहिरीकडे जायला मनाई होती. कोठडीबद्दल कुणाला काही सुचलंच नव्हतं. कोठडीच्या समोरच कवेलूंची, म्हणजे आपल्या कौलांची, उतरंड रचून ठेवलेली होती. मी तिच्यामागे बसले. शकूला कोठडीत शिरताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिनं आतून मला बोट ओठावर ठेवून ‘चूप’ केलं. मला वाटलं, बरी जागा मिळाली पोरीला.

भर दुपार. वारा नाही, पान हलत नव्हतं. पुष्पाचे आकडे लांबून ऐकू येत होते, मग तेही ऐकू येईनासे झाले.

आणि आवाज आला — “आई...”

हे मी नीट सांगते, कारण त्यानंतर कित्येक वर्षं मी तो आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकलाय. तो चिंचेकडून आला नाही, फाटकाकडून आला. आणि पुष्पा ओरडायची तसा लांबवलेला नव्हता. साधा होता, घाईतला. हात पिठात असताना बाहेरून कुणी बोलावलं की बाई आतून कशी बोलते, तसा. पण खेळात एवढा विचार कोण करतं? ‘आई’ ऐकलं की डोकं खाली, ही सवय. मी गुडघ्यांत तोंड खुपसलं, डोळे मिटले. जवळून कुणीतरी धावत गेल्यासारखं वाटलं. मला वाटलं, पुष्पा आली.

मग माझ्यासमोर धडाड असा आवाज झाला, जमीन हादरली, आणि तोंडात-नाकात माती.

डोळे उघडले तर कोठडीचं छत नव्हतं. भिंती उभ्या, आणि मधे नुसता दगडांचा ढीग, त्यातून धूळ वर चाललेली. माझा आवाज फुटेना. नंतर फुटला तो मलाच ओळखू आला नाही. मी त्या ढिगावर जाऊन नखांनी माती उकरायला लागले. दीदी धावत आल्या, माळी आला, बाया आल्या. “कौन है अंदर? कौन है?” मी नुसतं “शकू, शकू” करत होते. पट्ट्या इतक्या जड की माळी आणि दोन तांगेवाले मिळून एक उचलत होते. दीदींनी पदर खोचला आणि हातानं दगड बाजूला फेकायला लागल्या. बोटं सोलली तरी थांबेनात. “शकू बेटा, आवाज़ दो.” मी म्हणत होते, “शकू, ओ दे गं... एकदा ओ दे.” आतून काही नाही.

ते काही क्षण मला अजून स्पष्ट आठवतात. मी देवाचं नाव वगैरे घेत नव्हते. माझ्या डोक्यात फक्त काका होते. साताऱ्याच्या घरात एकटे बसलेले, आणि अण्णांची तार वाचतायत. बायको गेली, आता ही. माईला तोंड कसं दाखवू, हेही नाही... ती पोर रोज विचारायची आई चालायला लागली का, आणि मी तिला खोटं सांगत आले, आणि आता ती त्या दगडांखाली आहे. एवढंच.

कुणीतरी माझी बाही ओढत होतं. पुष्पा. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. “कुसुम, वो देख. वो रही.”

फाटकाशी शकू उभी होती. आमच्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. अनवाणी. तापलेल्या फुफाट्यात अनवाणी उभी, आणि पाय उचलतसुद्धा नव्हती.

मी धावत गेले, आधी तिला एक चपराक दिली आणि मग इतकं घट्ट धरलं की ती कळवळली. “बाहेर कधी आलीस? का आलीस?” ती रडली नाही. माझ्या खांद्यावरून रस्त्याकडेच बघत राहिली.

“आत अंधार होता. माझ्या अंगावर माती पडली. मी भ्याले, म्हणून आईला हाक मारली,” ती म्हणाली. “आईनं ओ दिली. म्हणून मी इकडे पळत आले. पण ती कुठे गेली गं?”

“अगं वेडे,” मी म्हटलं, “ते पुष्पा ओरडली. हिंदीत आई म्हणजे आले. खेळातलं आई ते.”

“मैंने तो बोला ही नहीं,” पुष्पा मागून म्हणाली. आणि रडायलाच लागली. “क़सम से. मैं गिनती भूल गई थी, फिर से गिन रही थी. मैंने भी सुना. मुझे लगा तुम लोग मेरी नक़ल कर रहे हो.”

झुडपांमागून एकेक मुलगी बाहेर आली. सगळ्यांनी ऐकलं होतं. मराठी मुलींना वाटलं, कुणी लहान मूल आईला हाक मारतंय. हिंदी मुलींना वाटलं, कुणी बाई ‘आले’ म्हणतेय. म्हटलं कुणी, तर कुणीच नाही. दीदी बोटांना पदर गुंडाळत उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मैंने भी सुना. मुझे लगा किसी बच्ची को लेने घर से कोई आई है. मैं देखने उठ ही रही थी.” दीदी फाटकाच्या सगळ्यात जवळ होत्या. त्यांनी माळ्याला रस्त्यावर पाठवलं. तो दोन्हीकडे बघून परत आला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मोकळी शेतं, आडोसा म्हणून काही नाही, आणि त्या उन्हात चिटपाखरू नाही.

घरी आलो तेव्हा माई ओट्यापाशी होती. शकूला पाय धुवायला मोरीत पाठवलं आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. कोठडी पडली म्हटल्यावर तिनं कपाळावर हात मारून घेतला, शकू सुखरूप आहे ना हे दोनदा विचारलं. मग मी त्या आवाजाचं सांगितलं. माझ्या दृष्टीनं ती नंतरची गंमत होती. पण माई एकदम थांबली.

“काय ऐकलंत नक्की? आई? की आले?”

“आई. हिंदीतलं असतं तसं. शकू आपली म्हणतेय, तिच्या आईनं ओ दिली. तिला कळलंच नाही.”

माई खाली बसली. पाटसुद्धा घेतला नाही, जमिनीवर बसली.

“मालू अशीच ओ द्यायची,” ती म्हणाली. “इथं वाढलेली ना. सगळ्या मैत्रिणी हिंदी. हाक मारली की ‘आले’ म्हणायचीच नाही, ‘आई’ म्हणायची. आमच्या कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही. साताऱ्याला गेली तर सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमच्या सूनबाईंना हाक मारावी तर त्या आपल्या आईला बोलावतात. आली की मला हसत हसत सांगायची. एवढी वर्षं झाली, पण सवय गेली नाही तिची. शकूनं हाक मारली तरी तेच. आई...”

तिनं ते म्हणून दाखवलं. तसंच होतं. लांबवलेलं नाही, साधं, घाईतलं.

मोरीच्या दारात शकू उभी होती. पाय ओले, फ्रॉक हातात गोळा केलेला. तिनं किती ऐकलं, मला माहीत नाही. ती माईजवळ आली.

“मावशी, आई दवाखान्यातून बरी होऊन आली असती तर थांबली असती ना?”

माईनं पदरानं तिचे ओले पाय पुसायला घेतले.

“ती थांबली नाही,” शकू म्हणाली. “म्हणजे ती मेली ना?”

मला वाटलं, माई आता काहीतरी सांगेल. मिरजेचं, औषधाचं. पण तिनं शकूला ओढून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “हो गं बाळा.” आणि दोघी रडल्या. शकू आल्यापासून माईला रडताना मी पाहिलं नव्हतं. शकूसमोर रडायचं नाही म्हणून ती नळावर पाणी भरायला जाऊन रडायची, हे मला फार नंतर कळलं. मीही त्यांच्यात जाऊन बसले. अण्णा कचेरीतून आले तेव्हा आम्ही तिघी तशाच जमिनीवर होतो, आणि घरात दिवा लागला नव्हता.

काका येऊन शकूला घेऊन गेले. त्यांना जे सांगायचं होतं ते सांगावं लागलं नाही. शकू आता साताऱ्याला असते, दोन नाती आहेत तिला, गुडघ्यांनी बेजार आहे. फोनवर आम्ही तासभर भांडतो. या विषयावर मात्र ती वाद घालत नाही. तिला एक्स्प्लनेशन नकोच आहे. ते हवंय मला.

कोठडी का पडली, यात काही गूढ नाही. जुनं बांधकाम, वरच्या मातीचं वजन, खालची लाकडं कुजलेली. आधी माती झडते, मग छत बसतं. आवाजाचंही मी लॉजिक लावून पाहिलंय. रस्त्यानं कुणी बाई चालली असेल, पुढं गेलेल्या माणसानं तिला बोलावलं असेल, ती ‘आई’ म्हणाली असेल. माळ्याला ती दिसली नसेल. उज्जैनमध्ये बायका दिवसातून शंभरदा ‘आई’ म्हणतात, त्यात काय एवढं. बरोबर त्याच वेळी म्हणाली, हा योगायोग. योगायोग असतात, मी मुलांना शिकवलंय. कुणी विचारलं तर मी हेच सांगते, आणि लोकांना ते पटतं.

फक्त एक गोष्ट मी त्यांना सांगत नाही. कोठडीला दार नव्हतं. मी तिच्या तोंडासमोर बसले होते, हात लांब केला असता तर भिंतीला लागला असता. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. शकू म्हणते, तिनं आईला हाक मारली. अगदी हळू मारली, कारण खेळ चालू होता आणि पकडली जाईल अशी भीती होती. ती हाक मला ऐकू आली नाही. दीदींना नाही, पुष्पाला नाही, त्या बगीच्यातल्या एकाही मुलीला नाही. ओ मात्र आम्ही सगळ्यांनी ऐकली, आणि ती बगीच्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून आली. मग ती हाक तिकडे कुणाला ऐकू गेली, हे मला आजही सांगता येत नाही.